आधी गच्चीला चुना

उन्हाळा तोंडावर आला की विदर्भात रंगाबद्दल एक सल्ला हमखास मिळतो: बेडरूमला फिकट निळा द्या, घर थंड राहील. हे साफ चूक आहे. निळ्याने डोळ्यांना बरं वाटत असेल, पण छतातून आत शिरलेल्या उष्णतेला निळं काय आणि पिवळं काय! रंगाचं काम जिथे ऊन पडतं तिथे.

मग बाहेरच्या भिंती? नागपूर 21 अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेअखेरीस भर दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो, दक्षिणेच्या भिंतीवर ऊन जवळपास पडतच नाही. पूर्व-पश्चिमेच्या भिंती आळीपाळीने तापतात. गच्ची मात्र दिवसभर भाजून निघते. चार-पाच इंची स्लॅब दुपारी उष्णता पितो आणि रात्री, बाहेर जरा बरं वाटू लागतं तेव्हा, ती खाली सोडत राहतो. वरच्या मजल्यावर पंखासुद्धा गरम हवाच अंगावर फेकतो, तो म्हणूनच.

दुसरा पक्ष म्हणतो, सिमेंट सोडा, मातीकडे चला. यात अर्धंच सत्य आहे. धाब्याच्या घराच्या जाड भिंतीतून उष्णता आत पोचेपर्यंत रात्र होते आणि खिडक्या उघडून ती घालवता येते. हे जमतं ते कोरड्या हवेत, दिवस-रात्रीच्या तापमानात मोठं अंतर असतं म्हणून. कोकणात रात्रही दमट आणि उबदार. तिथे जाडीपेक्षा वारा आणि खोल वळचणीची सावली कामी येते. शिवाय ज्याने पै-पै जोडून दोन खोल्यांवर स्लॅब टाकला, त्याला तो पाड म्हणून सांगणार कोण?

त्याच्यासाठी उपाय आहे चुना. काळवंडलेलं काँक्रीट निम्म्याहून जास्त ऊन शोषतं; ताजा चुना त्यातलं बहुतेक परतवतो. मार्चअखेर गच्ची खराट्याने घासून धुवायची, चुना रात्रभर भिजवून गाळायचा, थोडं फेविकॉल मिसळायचं. पहिला हात वाळला की दुसरा आडवा. कळीचा चुना भिजताना उकळतो, तेव्हा डोळे जपा आणि पोरांना लांब ठेवा.

आक्षेप येतो की पावसात चुना धुऊन जातो. जाऊ द्या. हिवाळ्यात ऊन हवंच असतं, आणि चुना पुढच्या मार्चला पुन्हा परवडतो. तेलंगणाने 2023 मध्ये थंड छतांचं धोरण आणलं. आपल्याकडे निदान घरकुलाच्या अंदाजपत्रकात स्लॅबबरोबर या दोन हातांचा खर्च धरलाच पाहिजे.