दवाखान्यातला सावकार आणि बाबासाहेबांचा विमा

उदगीरच्या एका खासगी दवाखान्यात परवा आम्ही एका कार्यकर्त्याच्या आईला घेऊन गेलो. डॉक्टरांनी बघायच्या आधीच बिलाच्या खिडकीवरून प्रश्न आला, "कॅश की ईएमआय?" शेजारी टेबल टाकून फायनान्स कंपनीचा पोरगा बसलेला. आधार, पॅन, पासबुक, मोबाइलवर ओटीपी. दहा मिनिटांत कर्ज मंजूर. एक्स-रे त्यानंतर निघाला.

मित्रांनो, धंद्यासाठी कर्ज मागायला गेलेल्या आमच्या पोराला बँक वर्षभर खेटे घालायला लावते. मग आजारपणाला दहा मिनिटांत कर्ज कसे मिळते? कारण इथे आईचा जीवच तारण असतो. माणूस घासाघीस करत नाही, कागद वाचत नाही, दाखवतील तिथे सही करतो. 'बिनव्याजी हप्ते' म्हणून हे विकले जाते. शून्य टक्के व्याज असे काही नसतेच, हे रिझर्व्ह बँकेनेच 2013 मध्ये बँकांना बजावले होते. व्याज कुठेतरी लपलेले असते. कधी प्रोसेसिंग फीमध्ये, कधी फुगवलेल्या बिलात.

खरी मेख पुढे आहे. दोन हप्ते चुकले की सिबिल खाली येतो. पुढच्या वर्षी तोच पोरगा महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळाच्या बीजभांडवल योजनेची फाइल घेऊन बँकेत जातो. या योजनेत मोठा हिस्सा बँकेनेच द्यायचा असतो. मॅनेजर सिबिल बघतो आणि फाइल परत करतो. आईचे आजारपण पोराच्या दुकानाच्या आड येते. जुना सावकार निदान गावापुरता होता. याची वही देशभरातल्या प्रत्येक बँकेत उघडते.

"पण त्या ईएमआयमुळे जीव तर वाचला ना?" असे आपलेच काही मित्र विचारतात. वाचला, आम्ही नाकारत नाही. पण जीव वाचवायला कर्जच का काढावे लागले? महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आता पाच लाखांपर्यंतचे संरक्षण कागदावर आहे. तरीही दवाखाना योजनेत नसेल किंवा आजार यादीत बसत नसेल, तर त्या पाच लाखांचा उपयोग काय? सरकारी दवाखान्यात जा म्हणता? नांदेडच्या शासकीय रुग्णालयात 2023 च्या ऑक्टोबरच्या सुरुवातीला 24 तासांत 24 रुग्ण दगावले, त्यात 12 नवजात बाळे होती. तिथे जायची भीती वाटते म्हणून माणूस खासगीत जातो, आणि खासगीच्या दारात फायनान्सवाला बसलेला असतो. सरकारी दवाखाना जितका पडका, तितके या टेबलाचे गिऱ्हाईक जास्त.

बाबासाहेबांना आपण संविधानाचे शिल्पकार म्हणून हार घालतो, पण त्यांचा विम्याचा विचार किती जणांनी वाचला? 1947 च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये त्यांनी स्पष्ट मागणी केली होती की विमा ही राज्याची मक्तेदारी असावी आणि प्रत्येक प्रौढ नागरिकाला त्याच्या मिळकतीच्या प्रमाणात आयुर्विमा सक्तीचा असावा. त्यामागे हिशेब होता. खासगी कंपनीपेक्षा राज्याचा विमा माणसाला जास्त सुरक्षितता देतो, आणि जमलेला पैसा देशाच्या नियोजनाला मिळतो. ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असतानाच अदारकरांचा कामगार आरोग्यविम्याचा अहवाल आला आणि पुढे 1948 चा कर्मचारी राज्य विमा कायदा उभा राहिला. 1956 ला आयुर्विमा आणि 1972 च्या कायद्याने सर्वसाधारण विमा सरकारकडे आला. आणि 1999 ला दार उघडले. परकीय भांडवलाला आधी 26 टक्के, 2015 ला 49, 2021 ला 74.

आता बँकाच विम्याच्या दलाल झाल्या आहेत. कर्जाच्या फाइलमध्ये पॉलिसी गुपचूप घुसवलेली असते. आपल्या घरातले कागद काढून बघा, बऱ्याच जणांना सापडेल. आणि कलम 47 मध्ये सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य लिहिलेले असताना राज्य फक्त कार्ड वाटत फिरते. (कार्डावर फोटो मात्र आठवणीने छापतात.)

आमची मागणी साधी आहे. दवाखान्याच्या आवारातले कर्जाचे टेबल उठवा. उपचारासाठी काढलेल्या कर्जाची थकबाकी महामंडळाच्या योजनांत अपात्रतेचे कारण धरू नका. उपजिल्हा रुग्णालयात तज्ज्ञ डॉक्टर आणि औषधे पूर्ण द्या.

हे निवेदन तहसीलवर नेण्याआधी आम्ही उदगीरच्या वस्त्यांत कागद जमा करतो आहोत. दवाखान्याचे बिल, कर्जाचा करार आणि बँकेने फाइल नाकारल्याचे पत्र, या तिन्हींच्या झेरॉक्स आणा. बँक तोंडीच नकार देत असेल, तर आधी तो लेखी मागा.