फवारणीआधीचे रक्त

मेंदूतील दोन मज्जापेशींच्या संधीत स्रवलेले ग्लुटामेट निरोप पोहोचताच शेजारच्या तारकापेशी शोषून घेतात. आणि त्याच्या प्रत्येक रेणूबरोबर सोडियमचे तीन आयन आत शिरल्याने जो अत्यल्प विद्युत्प्रवाह उत्पन्न होतो, तो काचेच्या सूक्ष्म नळीने टिपून या निचऱ्याचा वेग अजमावण्याची विद्या शास्त्रज्ञांनी हस्तगत केली आहे. हे मापन उंदराच्या मेंदूच्या पातळ कापांवर होते. चालत्याबोलत्या माणसावर ते करता येत नाही.

परंतु चोपडा-यावलपासून शिरपूर-शिंदखेड्यापर्यंत कपाशीवर औषध मारणाऱ्या आमच्या खानदेशी मजुराच्या देहात असाच दुसरा एक निचरा अहोरात्र चालू असतो, आणि तो थोड्याशा रक्तावरून मोजता येतो. मज्जातंतू स्नायूला आज्ञा देतो ती ॲसिटिलकोलीनकरवी, आणि आज्ञा पोहोचताच त्या द्रव्याचे विघटन करणे हे कोलिनेस्टरेज या विकराचे काम. मोनोक्रोटोफॉससारखी कीटकनाशके नेमके हे विकरच जखडून टाकतात. गळक्या पंपाने पाठीवर भिजलेला सदरा दिवसभर अंगावरच वाळतो, विष कातडीतून मुरत राहते, आणि मग बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, लाळ सुटते, स्नायू फडफडतात, छाती स्रावाने भरते. बाधा तीव्र असल्यास झटके येतात, व ते लांबविण्यास पुढे तेच ग्लुटामेट कारण होते.

२०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीने माणसे दगावली, तेव्हा हातमोजे आणि मुखपट्ट्या यांची पुष्कळ चर्चा झाली. ती रास्तच होती. पण माझ्या मते पहिली निकड रक्ताच्या मोजणीची आहे. विकराची स्वाभाविक पातळी माणसागणिक भिन्न असल्याने, विषबाधेची शंका आल्यावर घेतलेला एकटा आकडा पुष्कळदा काहीच सांगत नाही. अंगाला विष लागण्यापूर्वीचा आकडा दप्तरी असावा लागतो. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात हाच नियम आहे: तांबड्या पेशींतील विकर मूळ पातळीच्या ७० टक्क्यांवर उतरले, की त्या मजुराला फवारणीवरून दूर करावे लागते. विकर कायमचे निकामी झाले तर नव्या तांबड्या पेशी तयार होईपर्यंत ते भरून निघत नाही, आणि या पेशींचे आयुष्य सुमारे १२० दिवसांचे; तेव्हा बाजाराच्या दिवशीची सुटी येथे पुरी पडणारी नव्हे.

म्हणून जळगाव व धुळे या दोन्ही जिल्ह्यांत पेरणीच्या सुमारास प्राथमिक आरोग्य केंद्रांतून ही तपासणी सरकारी खर्चाने व्हावी, आणि तिची नोंद केंद्रातच राहावी. कारण भूमिहीन मजूर आज एकाच्या शेतात तर उद्या दुसऱ्याच्या शेतात फवारतो, आणि त्याच्या अंगी साचलेल्या विषाचा हिशेब कोणाही एका मालकाकडे असणे शक्य नाही.