घाऱ्या डोळ्यांचा दोष आईला नको



‘आईबाप काळ्या डोळ्यांचे, मग मूल घारं कसं?’ हे पत्र वाचून राहवलं नाही. असं मूल होणं अशक्य ठरवायला पत्रलेखकाने आनुवंशिकतेचे नियम मांडणाऱ्या मेंडेलचा आधार घेतला आहे. पण अप्रभावी गुण पिढ्यान्‌पिढ्या दडून राहतो आणि दोन्हीकडून आला की वर येतो, हे मेंडेलनेच दाखवलं. घाऱ्या जोडप्यालाही क्वचित काळ्या डोळ्यांचं मूल होतं, कारण हा रंग एकाच जनुकावर ठरत नाही. १५व्या गुणसूत्रावरची ओसीए२ आणि एचईआरसी२ ही त्यातली मुख्य जनुकं. २०२१च्या एका मोठ्या अभ्यासात डोळ्यांच्या रंगाशी निगडित असे जनुकसंचातले ६१ भाग आढळले. बुबुळात मेलॅनिन किती, यावर बहुतेक सारं अवलंबून. निळं किंवा हिरवं रंगद्रव्य डोळ्यात नसतंच.

घारे म्हणजे कोकणस्थच, हाही समज सोडावा. आमच्या वरळीच्या चाळीत घारी पोरं अनेक जातींच्या घरांत आहेत. बारशाला आलेल्या बायका पाळण्यात डोकावून ‘हे कुणावर गेलं गं?’ विचारतात, सासू गप्प होते, बाळंतीण मान खाली घालते. अशा घरात ते पत्र मोठ्याने वाचलं गेलं असेल, याची मला काळजी वाटते. डोळ्यांच्या रंगावरून बाप कोण ते ठरत नाही, एवढा खुलासा संपादकांनी ठळक छापावा.

– एक वाचक, वरळी