शस्त्रक्रियेनंतर हात निजवू नका

भगिनींनो, खारघरला टाटा स्मारक केंद्राचे अ‍ॅक्ट्रेक आहे. कर्करोगाच्या उपचारासाठी लांबलांबून माणसे तेथे येतात. स्तनाच्या शस्त्रक्रियेत काखेतल्या ग्रंथी काढल्या, की खांदा आखडतो. पुढे हाताला सूजही येऊ शकते. घरची माणसे मायेने म्हणतात, "तू हात हलवूच नकोस." आम्हीही असेच म्हणत असू. परंतु निजवलेला हात अधिकच आखडतो.

महागडे यंत्र नको. डॉक्टरांनी सांगितले, की मऊ रबरी चेंडू घ्या. हात उंच धरून तो मुठीत दाबा, सोडा. स्नायू हलले, की साचलेले पाणी पुढे सरकते. भिंतीवर बोटे चालवीत हात रोज थोडा वर न्या. पुढे फिजिओथेरपिस्टला विचारून अर्ध्या लिटरची भरलेली बाटली उचला. तेच अर्ध्या किलोचे डंबेल. अमेरिकेत आधीच सूज असलेल्या १४१ स्त्रियांचा अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. देखरेखीखाली हळूहळू वजन वाढवल्याने त्यांची सूज वाढली नाही.

हात लाल वा गरम झाला, ताप आला, तर लगेच दवाखाना गाठा.

आणि बंधूंनो, पाण्याचा हंडा काही दिवस तुम्ही उचला. चेंडू मात्र तिच्याच हाती द्या.