भंगारात घालायच्या आधी एकदा कानस लावून बघा



दोन वर्षांपूर्वी जुनी पडवी पाडली, तेव्हा कोपऱ्यातलं सगळं लोखंड भंगारवाल्याला घातलं. आईची चार खुरपी, वडलांचा वाकस, मोडकी कुदळ, पाभरीचे फण. 11 किलो भरलं, किलोला 30 रुपयांनी 330 रुपये आले. अडगळ गेली म्हणून मी खूश.

त्याच रब्बीत कांदा खुरपायला सहा नवी खुरपी आणली, 90 रुपयाला एक. रंग झकास. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत दोन वाकली, बाकीच्यांची धार गेली. खुरपणाऱ्या बायका म्हणाल्या, "आण्णा, आईंची ती काळी खुरपी कुठं ठेवली?" काय सांगणार? बोथट खुरप्यानं तण कापत नाही, हिसकावं लागतं. रात्री मनगट त्यांचं ठणकतं, मालकाचं नाही.

तेव्हापासनं आठवडी बाजारात जुनं लोखंड मांडून बसणाऱ्यापुढं मी उकिडवा बसतो. पुण्याला लेकीकडं गेलो की रविवारी नाहीतर बुधवारी जुना बाजार ठरलेला. फसलोही बऱ्याचदा. त्यातनं माझं मत झालंय ते असं: 'जुनं ते सोनं' ही म्हण अवजाराला लागू नाही. सोनं असतं ते धारेतल्या पोलादात, आणि ते तपासल्याशिवाय दिसत नाही.

कारण साधं आहे. पूर्वी पोलाद महाग. लोहार सगळं पातं पोलादाचं करत नसे. मऊ लोखंडाला धारेपुरती पोलादाची पट्टी तापवून घणानं जोडायचा. वर्षानुवर्षं घासून ती पट्टी संपली की हातात राहतं ते नुसतं मऊ लोखंड. दिसायला आजोबांच्या काळातलं, कामाला शून्य. धारेजवळ विटकरीनं घासा, पट्टी शिल्लक असली तर जोडाची बारीक रेघ दिसते. नंतर लोहार ट्रकच्या कमानपाट्याची हत्यारं करायला लागले. ती अंगभर पोलाद असतात, झिजेपर्यंत चालतात.

खिशात एक बारीक कानस ठेवा. धारेवर दोन-तीन ठिकाणी फिरवा. घसरत, कुरकुरत चालली तर पाणी शाबूत आहे. सहज आत रुतली तर माल मऊ. चुंबकावर जाऊ नका, ते मऊ लोखंडालाही तेवढंच चिकटतं. कुऱ्हाड, टिकाव बोटावर अडकवून दगडानं वाजवा. खणखणीत वाजलं पाहिजे. बद्द आवाज आला तर कुठंतरी चीर आहे, बहुतेक दांड्याच्या भोकापाशी.

तांबूस गंजाला घाबरू नका, तो रॉकेलनं निघतो. धारेवरच खड्डे पडले असतील तर मात्र सोडा. आणि सगळ्यात जपायचं ते चकचकीत हत्याराला. विकणारा ग्राइंडर मारून धार काढतो. धारेवर निळसर झाक दिसली की समजा, तापून पाणी उतरलंय. पोलाद शिल्लक असेल तर लोहार परत पाणी देतो, पण मग भाव त्या हिशोबानं करा.

काय हत्यार आहे हे विकणाऱ्यालाही माहीत नसतं. मला एकानं वाकस 'छोटी कुदळ' म्हणून 70 रुपयाला दिला. वाकसाची धार एकाच अंगानं, दांड्याच्या बाजूनं लावलेली असते. माती खणायच्या हत्याराला कुणी अशी धार लावत नाही. दुसऱ्यानं एक पटाशी दाखवली, त्यावर इंग्रजीत 'कास्ट स्टील' असा शिक्का. शेजारचा म्हणाला, "घेऊ नका, ओतीव आहे, फुटेल." उलट आहे. इंग्लंडातल्या शेफील्डला 18व्या शतकात हंट्समन नावाच्या घड्याळजीनं मुशीत पोलाद वितळवायची रीत काढली, त्या पोलादाला हे नाव पडलं. ठोकून हत्यार करायचं ते उत्तम पोलाद. असा शिक्का दिसला की सोडू नका.

आता कुणी म्हणेल, तणनाशकाच्या जमान्यात खुरप्याचं काय घेऊन बसलात? पण फवारून राहिलेलं तण हातानंच काढावं लागतं. नवं सगळं वाईट असंही नाही. दातेरी वैभव विळा माझ्याकडं आहे, कापणीला हलका जातो. फक्त त्याचे दाते बोथटले की आपल्या दगडावर परत काढता येत नाहीत.

म्हणून कृषी खात्यातल्या, विज्ञान केंद्रातल्या साहेबांना एक विनंती. बियाण्याच्या पिशवीवर उगवण किती ते लिहिलेलं असतं. खुरप्यावर रंगाशिवाय काही नसतं. पोलाद कुठलं, पाणी दिलंय का, हे अवजाराच्या प्रात्यक्षिकात सांगा. गावातला लोहार होता तोवर आम्हाला विचारायची गरज नव्हती. आता त्याचा भाता थंड आहे, आणि त्याला जे कळत होतं ते आम्ही शिकून घेतलं नाही. चूक आमचीच.

आईची खुरपी मला सापडली नाहीत. जालन्याच्या भट्टीत वितळून कुणाच्या तरी स्लॅबच्या सळईत गेली असतील. तुमच्या पडवीत अजून असतील, तर पाच मिनिटं काढा. कानस लावा, वाजवून बघा, मग काय ते ठरवा.