इंटरनेटची वाट कोणी राखावी?

१८५४ साली भारतातील टपालव्यवस्थेत मोठा बदल झाला. पाव तोळ्यापर्यंतच्या पत्राला, अंतर कितीही असो, अर्ध्या आण्याचे तिकीट पुरू लागले. दूर राहणाऱ्याला अंतराचा भुर्दंड उरला नाही. आज अभ्यासाचे पाठ, नोकरीचे अर्ज आणि परीक्षांचे निकाल इंटरनेटवरून येतात. मग ही नवी वाट सर्वांसाठी सारखी कोणी राखावी, सरकारने की मुक्त बाजारपेठेने?

बाजारपेठेची बाजू दुबळी नाही. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगम या सरकारी कंपनीने जनतेसाठी इंटरनेट सेवा सुरू केली. तेव्हा दुसरा पर्याय नव्हता. सेवा महाग होती आणि वेग अगदी कमी. १९९८ साली खाजगी कंपन्यांना दार उघडले गेले. पुढे २०१६ साली रिलायन्स जिओ आल्यावर चुरस वाढली आणि मोबाईलवरील इंटरनेट झपाट्याने स्वस्त झाले. केवळ सरकारी हुकमाने हे घडले नसते.

परंतु स्पर्धा कायम टिकतेच असे नाही. दरांच्या झुंजीत अनेक कंपन्या बंद पडल्या किंवा दुसऱ्या कंपनीत विलीन झाल्या. मोबाईल सेवेत तीन मोठ्या खाजगी कंपन्या उरल्या आणि जुलै २०२४ मध्ये तिघींनीही पाठोपाठ दर वाढवले. शिवाय जेथे नफा नाही, तेथे व्यापारी स्वतःहून जात नाही. म्हणूनच सुमारे अडीच लाख ग्रामपंचायती जोडण्याची योजना सरकारला २०११ साली हाती घ्यावी लागली. तिचे काम ठरलेल्या वेळेपेक्षा फार रेंगाळले, हेही मान्य केले पाहिजे.

मग नियमन कसे असावे? एक उदाहरण पाहू. काही निवडक संकेतस्थळे फुकट दाखवण्याची ‘फ्री बेसिक्स’ ही योजना फेसबुकने पुढे केली होती. गरिबाला काहीच न मिळण्यापेक्षा थोडे मिळालेले बरे, हा युक्तिवाद वरवर पटणारा होता. मात्र ते ‘थोडे’ कोणते, हे कंपनी ठरवणार होती. ८ फेब्रुवारी २०१६ रोजी दूरसंचार नियामक प्राधिकरणाने मजकुरानुसार वेगवेगळे दर आकारण्यास मनाई केली. प्राधिकरणाने किंमत ठरवली नाही, कंपन्यांची स्पर्धा रोखली नाही. फक्त भेदभाव थांबवला. माझ्या मते नियमनाची योग्य मर्यादा हीच होय.

अर्थात कुंपणानेच शेत खाऊ नये, याचीही काळजी हवी. इंटरनेट सेवा बेमुदत बंद ठेवता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये स्पष्ट केले. नियम करणारे सरकारही नियमांना बांधलेले असले पाहिजे.

शाळेची वाट अर्ध्यावर सुटलेला एखादा कामगार दिवसभराच्या श्रमानंतर घरातील एकुलत्या एका मोबाईलवर धडा उघडतो. तो स्वस्तात उघडावा, यासाठी स्पर्धा हवी. त्याच्या वाडीपर्यंत तो पोहोचावा आणि कोणता धडा वाचायचा हे त्याचे त्यालाच ठरवता यावे, यासाठी नियम हवेत. यांपैकी एकाच्याच हाती सारे सोपवले, तर नुकसान त्याचेच होईल.