फॉर्म भरून देणं म्हणजे तयारी नव्हे!

गेल्या रविवारी आपल्या शिंदखेड्यात 'परदेशात बिझनेस मॅनेजमेंट शिका' असा सेमिनार झाला. बातमीसाठी गेलो होतो. प्रोजेक्टर, चहा-बिस्कीट, टाय लावलेला एक पोरगा आणि समोर कपाशीवाले बाप. "अर्ज आम्ही भरू, एसओपी आम्ही लिहू, व्हिसाची फाइल आम्ही लावू. तुमच्याकडून एक रुपया नको."

शेजारचे काका कानात म्हणाले, "भाऊ, या लोके हाई फुकट कसं काय करतस?"

काका, फुकट काही नाही. पोरगं विद्यापीठात जी फी भरतं, तिच्यातून एजंटला कमिशन मिळतं. अडतीचं गणित आपल्याला कोणी शिकवायला नको, दोंडाईच्याच्या मिरची बाजारात रोज बघतो. अडत घेणं पाप नाही. पण ही अडत प्रवेशावर मिळते, पोरगं पास झालं की नाही यावर नाही. म्हणून "वर्षभर थांब, आधी तयारी कर" हे वाक्य त्या हॉलमध्ये तुम्हाला ऐकू येणार नाही.

तयारी म्हणजे काय? आयईएलटीएसमध्ये ४० मिनिटांत २५० शब्दांचा निबंध लिहायचा असतो. तिथं गेल्यावर दोन-तीन हजार शब्दांचे असाइनमेंट येतात. स्वतःच्या भाषेत लिहायचं, प्रत्येक आकडा कुठून घेतला ते सांगायचं, एखाद्या कंपनीची केस वाचून वर्गात वाद घालायचा. आणि आपलं पोरगं? तीन वर्षं बी.कॉम. किंवा बीबीए 'अपेक्षित' प्रश्न पाठ करून काढलेली. एसओपीसुद्धा दुसऱ्यानं लिहिलेली. पहिलाच असाइनमेंट इंटरनेटवरून उतरवतं आणि चौकशीला उभं राहतं. ही चोरी आहे हे त्याला इथं कोणी कधी सांगितलंच नव्हतं. यात त्याचा दोष किती आणि आपला किती?

यावर तिकडे औषध आहे. बारावीनंतर 'फाउंडेशन', पदवीनंतर 'प्री-मास्टर्स'. त्यात शिकवतात काय, तर निबंध कसा लिहायचा, संदर्भ कसे द्यायचे, इंग्रजी आणि विषयाचा पाया. म्हणजे आपल्या कॉलेजात जे व्हायला हवं होतं तेच, फक्त पौंडात आणि डॉलरमध्ये! साडेसात लाखांच्या वर शैक्षणिक कर्ज काढायचं तर सरकारी बँक बहुधा तारण मागते. शेतजमीन तारण म्हणून बहुतेक बँका घेत नाहीत. मग राहतं घर गहाण पडतं, नाहीतर वावर विकलं जातं.

पंजाबची गोष्ट विसरू नका. २०२३ मध्ये कॅनडात अनेक भारतीय पोरांची प्रवेशपत्रं बनावट निघाली. कागद एजंटनं दिलेले, हद्दपारीची टांगती तलवार पोरांच्या डोक्यावर.

परदेशात जाऊ नका असं मी म्हणत नाही. जरूर जा. पण माझा सवाल आपल्या कॉलेजांच्या संस्थाचालकांना आणि प्राचार्यांना आहे. शनिवारचे दोन तास देता येत नाहीत का? विषय तर दारात पडलेत. शेतकरी हमीभाव सोडून खेडा खरेदीवाल्याला कापूस का देतो? मिरचीचा भाव कोण ठरवतं? पोरांनी बाजार समितीत जावं, माणसांशी बोलावं, दीड हजार शब्द स्वतः लिहावेत. सरांनी लाल पेनानं तपासून परत द्यावेत. शेजारी शिरपुरात नरसी मोनजीचा कॅम्पस आहे, तिथल्या एखाद्या प्राध्यापकाला महिन्यातून एकदा बोलवा. याला अनुदान लागत नाही, इच्छा लागते. जे पोरगं परदेशी जाणार नाही, त्याचंही भलंच होईल.

आणि पालकांनो, सही करण्याआधी एजंटला दोन गोष्टी विचारा. फाउंडेशनला पोरगं नापास झालं तर पुढे काय? भरलेल्या फीतले किती पैसे परत मिळतील? उत्तर तोंडी नको, कागदावर घ्या.

तिसरी गोष्ट घरी पोरालाच सांगा: "मोबाइल बाजूला ठेव आणि तुला तिकडे का जायचंय, ते माझ्यासमोर दोन पानं लिहून दाखव."

ती दोन पानं लिहिता आली, तर वावर विकायचा विचार करा. नाही आली, तर आधी तयारी करा. वावर एकदा गेलं की परत येत नाही, भाऊ.

पटलं तर शेअर करा. नाही पटलं तर खाली भांडा, पण प्राचार्यांपर्यंत हे पोहोचू द्या.